गहू, पाणी आणि मूठभर मीठ

कागदावर तिचं नाव काहीही असो, घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. कारण एका जागी टिकणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवताना दोन घास ताटावर, दोन दारात. अभ्यासाला बसली की पाचव्या मिनिटाला पाणी प्यायला उठायची आणि दहाव्या मिनिटाला हरवलेली पेन्सिल शोधायला. तिची आई शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गातली पन्नास पोरं ती नुसत्या नजरेनं गप्प बसवायची, पण घरची एक काही तिच्या हाती लागायची नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, हिची स्प्रिंग जरा जास्त पिळली गेलीय, होईल हळूहळू सैल. आईला एवढ्यानं समाधान व्हायचं नाही. काळजी करणं हा तिचा नोकरीखालोखालचा उद्योग होता, आणि त्यात तिनं कधी रजा घेतली नव्हती.

भिंगरी आठ वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेतलं, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर मानून देतात ती पवित्र भाकर. पांढऱ्या कपड्यांतली पंचवीस मुलं ओळीनं वेदीपाशी गेली आणि परत आली. भिंगरी जागेवर येऊन गुडघ्यांवर बसली ती हललीच नाही. मिस्सा संपली, बाकीची मुलं फोटोला पळाली, दादानं तिची वेणी ओढून पाहिली, तरी ही डोळे मिटून तिथंच. आईनं आधी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग तिनं वाकून विचारलं, काही दुखतंय का. भिंगरीनं एक डोळा उघडला आणि कुजबुजली, "हळू बोल ना आई. तो आत्ताच आलाय."

हा किस्सा आईनं पुढं कित्येकांना हसून सांगितला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला तिला वीसहून जास्त वर्षं लागली.

कॉलेज संपल्यावर भिंगरीनं ऑफिसातली नोकरी धरली नाही. चार भिंतींत खुर्चीला चिकटून बसणं तिला मानवणारं नव्हतं. ती एका बेकरीत लागली. पहाटे कणीक मळायची, सकाळी पाव भट्टीत टाकायचे, मग दुपारपर्यंत केकवर क्रीमची फुलं काढायची. तिच्या हाताची फुलं इतकी खरी दिसायची, की बेकरीवाला म्हणायचा, हिच्या केकवर एक दिवस मधमाश्या बसतील. आई म्हणायची, पदवी घेऊन पोरगी पीठ मळते. पण शाळेच्या स्टाफरूममध्ये वाटायला त्याच बेकरीचा केक न्यायची आणि कुणी तारीफ केली की उगाच इकडंतिकडं बघायची.

मग भिंगरीला घरी यायला उशीर होऊ लागला. रोज तासभर. विचारलं की म्हणायची, जरा थांबले होते. कुठं, हे सांगायची नाही. तेवीस वर्षांची मुलगी रोज तासभर कुठंतरी थांबते म्हटल्यावर आईच्या डोक्यात काय येणार? आत्यानं तर छातीठोकपणे सांगितलं, "वहिनी, मुलगा आहे. चांगला असेल तर बार उडवून द्या, वाईट असेल तर वेळेत कळू दे." शेवटी एका दुपारी आईनं शाळेतून अर्धी रजा घेतली, डोक्यावर छत्री धरली आणि पोटच्या पोरीचा पाठलाग केला. औषधाचं दुकान गेलं, टपाल कार्यालय गेलं, शिंप्याची गल्ली गेली, आणि भिंगरी चर्चमध्ये शिरली.

आत कुणी नव्हतं. वेदीवर सोनेरी पात्रात ख्रिस्तशरीर आराधनेसाठी ठेवलेलं होतं, दोन मेणबत्त्या जळत होत्या, आणि तिसऱ्या बाकावर भिंगरी. शेजारी डब्याची पिशवी. ओठ हलत नव्हते, हातात पुस्तक नव्हतं. ती बसली होती, इतकंच. आई खांबाआड उभी राहून घड्याळ पाहत होती. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, भिंगरीचा पायही हलला नाही. आईचे मात्र दोन्ही पाय भरून आले. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं, मुलगा असता तर परवडलं असतं, निदान त्याच्या घरच्यांशी जाऊन बोलता तरी आलं असतं.

वर्षभरानं भिंगरी म्हणाली, मला सिस्टर व्हायचंय. घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. आईनं देवावर कधी राग धरला नव्हता. रविवारची मिस्सा तिनं तापातही चुकवली नव्हती. पण रविवार दिला म्हणून देवानं सोमवार ते शनिवारही मागावेत, हे तिला जरा अतीच वाटलं. तिनं शिक्षिकेसारखे मुद्दे मांडले: तुला बसवत नाही, तिथं तासन्‌तास बसावं लागेल, तुला बोलायला लागतं, तिथं मौन असतं, तू दोन दिवसांत पळून येशील. भिंगरीनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, मला सगळीकडून उठून दुसरीकडं जावंसं वाटतं," ती म्हणाली. "फक्त त्याच्यासमोर बसले की कुठं जावंसं वाटत नाही. मग मी राहायचं कुठं, तूच सांग."

बाबांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, पुसलं, आणि जा म्हणाले.

तिनं निवडलेल्या मठात अकरा सिस्टर होत्या आणि दोनच कामं. एक म्हणजे आराधना. तिथल्या प्रार्थनालयात सकाळपासून रात्रीपर्यंत ख्रिस्तशरीरासमोर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच, प्रत्येकीचा तास ठरलेला. दुसरं काम ओस्त्या करण्याचं. ओस्ती म्हणजे मिस्सेत अर्पण करायची ती कागदासारखी पातळ, गोल, पांढरी भाकर. आसपासच्या अठरा चर्चना, दोन इस्पितळांना आणि एका तुरुंगाला इथूनच ओस्त्या जायच्या. मठाची प्रमुख मदर शहाणी बाई होती. बेकरीतून आलेल्या मुलीला तिनं पहिली दोन वर्षं कपडे धुवायला लावलं. तिसऱ्या वर्षी भिंगरी ओस्त्यांच्या खोलीत आली. क्रीमची फुलं काढणारे हात आता जगातली सगळ्यात साधी भाकर भाजू लागले.

आई दर महिन्याला भेटायला जायची. जाताना लोकरीचे मोजे, खोकल्याचं औषध, शक्तीची पावडर, आणि प्रश्नांची यादी. झोपतेस का, खातेस का, मनगटावर हा डाग कसला? डाग ओस्त्या भाजायच्या गरम साच्याचा असायचा. भिंगरी हसून बाही खाली ओढायची. आई परत येताना बसमध्ये हिशेब करायची, की पोर बारीक झालीय पण डोळे चांगले आहेत, हात भाजलाय पण हसते मोकळेपणानं. देवाचे आभार मानायचे की त्याच्याशी भांडायचं, हे ठरेपर्यंत तिचा थांबा यायचा.

अशी सहा वर्षं गेली. भिंगरीनं तात्पुरती व्रतं घेतली होती. आता आजीवन व्रतांसाठी मदरकडं अर्ज द्यायचा होता. महिनाअखेरीपर्यंत दिला तर या वर्षी, नाही तर पुढच्या. मदरनं विचारलं, घरचे काय म्हणतात? भिंगरीनं खरं ते सांगितलं: बाबा हो म्हणतात, आई काहीच म्हणत नाही. नियमानं आईच्या होकाराची गरज नव्हती. पण भिंगरीनं अर्ज लिहिला नाही. फोनवर आईला एवढंच म्हणाली, तू नाही म्हणालीस तरी मी राहणार आहे, पण तू काहीतरी म्हणेपर्यंत मी पेन उचलणार नाही. आईनं विषय बदलून खोकल्याचं विचारलं. नाही म्हणावं तर देवाच्या आड आल्यासारखं, हो म्हणावं तर पोर कायमची गेली. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. गप्प राहण्यात एक वर्ष तरी वाचत होतं.

महिना संपायला चार दिवस असताना मठात फ्लू शिरला. अकरापैकी पाच सिस्टर अंथरुणाला खिळल्या, त्यात ओस्त्यांच्या खोलीतल्या दोघी. हे कळताच आईनं शाळेत रजा टाकली, वाफेचं भांडं आणि औषधांची पिशवी घेतली आणि गुरुवारी सकाळी मठाच्या दारात हजर झाली. मदरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक एप्रन हातात दिला.

ओस्त्यांच्या खोलीत एक मोठं टेबल, दोन बादल्या, आणि वहीसारखा उघडमीट होणारा लोखंडी साचा. गव्हाचं चाळलेलं पीठ आणि गार पाणी घोटून पातळ घोळ करायचा, पळीभर तापलेल्या साच्यावर ओतायचा, साचा मिटायचा. दोन मिनिटांनी आतून ताटाएवढा पापुद्रा निघतो, इतका कडक की बोट लागलं तरी तडा जावा. म्हणून तो रात्रभर ओलसर खोलीत ठेवायचा, नरम पडला की दुसऱ्या दिवशी पायानं चालणाऱ्या यंत्रावर गोल चकत्या कापायच्या. आईला काम पटकन उमगलं. प्रयोगशाळेत जन्म गेलेली बाई ती.

तीन वाजता घंटा झाली. भिंगरीचा आराधनेचा तास तीन ते चार. दुसऱ्या बादलीतला घोळ घोटत राहा, मी आलेच, एवढं सांगून ती गेली. आईनं घोटता घोटता सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलं. सपक. पुन्हा लावलं. मीठ नव्हतंच.

आता तीस वर्षं पिठात मीठ घातलेला हात गप्प कसा बसेल? पण आईच्या मनात आधी आली ती मुलगी. दोन माणसांचं काम एकटीनं ओढतेय, दमलीय, विसरली. मदरच्या कानावर गेलं तर व्रतांच्या ऐन वेळी नाव खराब. चार भिंतींआड मुलीची चूक झाकायला आई नाही तर कोण? ती शेजारच्या स्वयंपाकघरात गेली, बरणीतून मूठभर मीठ आणलं, घोळात घालून नीट विरघळवलं, आणि भिंगरी परत आल्यावर चकार शब्द बोलली नाही. माणसांसमोर पोरीला चूक दाखवायची नसते. संध्याकाळपर्यंत दोन्ही बादल्यांचे पापुद्रे एकावर एक रचून ओलसर खोलीत गेले. आईला त्या रात्री छान झोप लागली.

शुक्रवारी सकाळी भिंगरी यंत्रावर चकत्या कापत होती आणि आई थोरल्या सिस्टरबरोबर त्या निवडत होती. थोरल्या सिस्टरला दिसत जवळजवळ नव्हतं. फुटकी ओस्ती ती बोटांच्या टोकांनी ओळखायची. आणि बोटं चालू असली की तोंडही चालायचं. आईनं सहज म्हटलं, एवढ्या चर्चमध्ये जातात, त्या मानानं कृती किती सोपी.

"सोपी म्हणूनच कठीण," थोरली सिस्टर म्हणाली. "नव्या मुलींना काहीतरी घालावंसं वाटतंच. एकीनं साखर घातली होती. सगळं बाजूला काढावं लागलं. गहू आणि पाणी, बास. चर्चचा नियमच आहे. तिसरं काही घालायचं नाही, तिसरा तो स्वतः येतो."

आईच्या हातातली चकती टेबलावर पडली. समोर चार डबे भरलेले होते. कुणाला काही माहीत नव्हतं. माहीत होण्याचं कारणही नव्हतं. बोटाएवढ्या ओस्तीत मूठभर मिठातलं असं कितीसं उतरणार? बोललं तर खापर भिंगरीवर फुटणार, कारण खोली तिच्या ताब्यात. कदाचित मदर म्हणेल, अजून एक वर्ष थांब. आईच्या मनात एक क्षण चमकून गेलं, की थांबली तर थांबली. आणि त्या विचाराची तिला अशी लाज वाटली, की कान तापले. पलीकडं भिंगरी पाय मारत होती, खटक, खटक, आणि कापलेली प्रत्येक चकती तळव्यावर झेलत होती, फुटू नये म्हणून. ही चकती उद्या वेदीवर जाणार, आणि तिच्यासमोर आपली पोर डोळे मिटून बसणार.

आई उठली आणि यंत्रापाशी गेली.

"कालच्या दुसऱ्या बादलीत मी मीठ घातलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू विसरलीस."

यंत्र थांबलं. भिंगरीनं कातरणाचा एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. मग दुसऱ्या पापुद्र्याचा. कुठला कुठल्या बादलीचा, हे आता सांगता येणार नव्हतं. ती तडक मदरकडं गेली, आई मागोमाग. मदरसमोर भिंगरीनं आईचं नावही घेतलं नाही. म्हणाली, नवीन माणसाला मी नियम न सांगता एकटं सोडलं, चूक माझी. आईनं मध्येच तोंड घातलं, की मीठ माझ्या हातचं, तिला शिक्षा नको. मदरनं दोघींना आळीपाळीनं पाहून घेतलं.

"शिक्षा ही, की आठवडाभर सगळ्यांनी चहाबरोबर ओस्त्याच खायच्या," ती म्हणाली. "खारी बिस्किटं म्हणून. आता साचा तापवा. मी फादर लोकांना फोन करते, की डबे उद्या सकाळऐवजी दुपारी येतील."

सगळं नव्यानं. भिंगरी ओतायची, आई घोटायची, मदर स्वतः पीठ चाळायला बसली, दोन तापकरी सिस्टर उठून येऊ लागल्या त्यांना आईनं दरडावून परत झोपवलं. आठ हजार ओस्त्या, एक साचा, आणि अंधार पडायच्या आत पापुद्रे ओलसर खोलीत जायला हवेत. दोन वाजले, अडीच झाले, दुसरी बादली अर्धी झाली. तीनची घंटा झाली आणि भिंगरीनं पळी खाली ठेवली.

आईला वाटलं, पाणी प्यायला चालली. पण ती हात धुऊन प्रार्थनालयाकडं निघाली. आईचा तोल गेला. एवढा घोळ पडलाय, साचा तापलाय, आणि ही बसायला चालली? देव काय एक दिवस समजून घेणार नाही? ती धावत जाऊन प्रार्थनालयाच्या दारातच आडवी आली.

भिंगरी चिडली नाही. दमली होती, केसांत पीठ होतं. "आई, ते काम या तासासाठी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हे सोडून ते करत बसले तर मी अजून बेकरीतच आहे. नुसता पोशाख बदलून."

आणि ती आत गेली. आईला दारातून दिसत होतं. आधीची सिस्टर उठली, भिंगरी तिच्या जागी बसली. सकाळपासून गरगरणारं अंग तिथं टेकलं आणि निवलं, जसं ढवळलेलं पाणी भांड्यात निवळतं. भाजलेलं मनगट मांडीवर उताणं. आई पोरीचा चेहरा पाहत राहिली. तेवीस वर्षांच्या मुलीला खांबाआडून पाहताना तिनं घड्याळच पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तिनं पाहिलं, की पोर तिथं एकटी बसलेली नाही. जिच्यामागं आपण ताट घेऊन दारादारांत धावलो, जिला घरच्या कुठल्याच खुर्चीनं धरून ठेवलं नाही, तिला धरून ठेवणारा कुणी आहे. ती झिजत नाहीये, तिला पोसलं जातंय. अन्न कोण वाढतं यावर कुठली आई भांडते? पोटभर मिळतंय ना, मग वाढणाऱ्याचे पाय धरावेत.

ती खोलीत परतली, पळी उचलली आणि गव्हाचा आणि पाण्याचा घोळ साच्यावर ओतू लागली. पहिले दोन पापुद्रे करपले. तिसरा जमला. चार वाजता भिंगरी आली तेव्हा टेबलावर चौदा पापुद्रे होते आणि आईच्या मनगटावर एक ताजा डाग.

शनिवारी सकाळपासून कापणं, निवडणं, डब्यांवर चर्चची नावं चिकटवणं. दोनच्या सुमाराला गाडीवाला शेवटचा डबा घेऊन गेला. खोली एकदम रिकामी झाली. भिंगरी टेबल पुसत होती. आई एप्रनची घडी घालत होती, आणि एप्रनकडंच पाहत बोलली.

"अर्ज लिहिलास?"

"नाही."

"मग कधी लिहिणार? उद्या महिना संपतो. तुझं सगळं आयत्या वेळी."

भिंगरीचा फडका थांबला. तिनं विचारलं, तू काय म्हणतेस ते आधी सांग.

"मी म्हणते, पेन घे," आई म्हणाली. "आणि मी हो म्हणते. मनापासून म्हणते, उपकार केल्यासारखं नाही. उलट इतकी वर्षं त्यानं तुला सांभाळलं, त्याला मी साधं धन्यवादसुद्धा म्हटलं नव्हतं. ते काल म्हटलं."

भिंगरीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, ते थोडा वेळ तिथंच राहिलं. मग दोघींनी नाकं पुसली, आईनं तिला पीठ अजून केसांत आहे म्हणून सांगितलं, आणि भिंगरी कागद घेऊन खिडकीपाशी लिहायला बसली. आईची बस सव्वातीनची होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ती मुलीच्या मागं उभी राहून वाचू लागली. मुलं लिहीत असताना मागून वाचायची तिची सवय शाळेतली. पहिली ओळ होती, माझ्या आईवडिलांच्या आशीर्वादानं मी.

तेवढ्यात तीनची घंटा झाली. भिंगरीनं वाक्य अर्धंच टाकलं, पेन ठेवलं, आणि गेली. खिडकीतून वारा आला, कागद टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. आई खुर्ची ओढून बसली आणि तिनं कागदावर हात ठेवला. बाहेर बस येऊन थांबली, तिचा आवाज आला, ती गेली तेही ऐकू आलं. पुढची साडेपाचची. आईनं हात तसाच राहू दिला.